पहिली खेप माणसांची असते; त्याआधी हब उघडा

दसरा आठ दिवसांवर आला आहे. सीमोल्लंघन झालं की केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. पत्र्याची पेटी, घागरी, चुलीचं सामान, एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या वर लेकरं. बिऱ्हाडांनी भरलेली ट्रॉली सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकाचा रस्ता धरेल. बीडहून कोल्हापूर तीनशे किलोमीटरहून लांब आहे. हे सगळं अंतर ज्या चाकांवर कापायचं, ती चाकं गेले पाच-सहा महिने बांधावर, पावसात, चिखलात एकाच जागी उभी होती.

माझं कळकळीचं मागणं एवढंच आहे : माणूस चढवण्याआधी त्या ट्रॉलीचा प्रत्येक हब उघडा आणि बेअरिंग डोळ्यांनी बघा. बाहेरून ग्रीस मारून भागवू नका. उघडा.

मी गॅरेजवाला आहे. ट्रॉल्यांचं, टायरगाड्यांचं, जीपांचं काम करत आयुष्य गेलं. आमच्याकडे हंगामाची तयारी म्हणजे काय असते, ते मी दर वर्षी बघतो. ट्रॅक्टरचं ऑइल बदललं जातं, ट्रॉलीला रंग लागतो, मागे नाव काढलं जातं, टायर बघितले जातात, डेक दुरुस्त होतो. हबाची टोपी मात्र कोणी काढत नाही, कारण आतलं कोणाला दिसत नाही. सगळे म्हणतात, पहिल्या खेपेला तर भार नसतो, माणसंच तर आहेत, ऊस भरायच्या आधी कारखान्यावर बघू. मला ही उलटी रीत सहन होत नाही. उसाची ट्रॉली बसली तर ऊस सांडतो. ही पहिली खेप माणसांची असते, आणि नेमकी तीच न तपासलेल्या चाकांवर निघते.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक ट्रॉली ओढत माझ्या दारात आणली होती. डाव्या अंगाचं चाक निखळून रस्त्याच्या कडेच्या तुरीत गेलं होतं आणि ट्रॉली त्या कोपऱ्यावर टेकली होती. वेग कमी होता, रस्ता सपाट होता, म्हणून वर बसलेल्या नऊ माणसांना मुका मार लागला, एवढ्यावर निभावलं. तीच ट्रॉली तासाभराने धारूरच्या घाटात असती. हब उघडला तेव्हा आतल्या रोलरांचे तुकडे ग्रीसच्या काळ्या लगद्यात मिसळले होते. आतली रिंग भट्टीतून काढल्यासारखी निळी पडली होती. ट्रॅक्टर चालवणारा पोरगा म्हणाला, "मामा, कालपासून वाजत होतं. म्हटलं कारखान्यावर गेल्यावर बघू." त्याला मी काय बोलणार? वाजतंय हे त्याला कळलं होतं. काय वाजतंय आणि ते किती वेळ थांबेल, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. ते इथे सांगतो.

ट्रॉलीच्या हबात सहसा दोन बेअरिंगं असतात, आतल्या अंगाला मोठं, बाहेरच्या अंगाला लहान. दोन्ही निमुळत्या रोलरांची. या जातीच्या बेअरिंगचं पेटंट 1898 साली अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या हेन्री टिमकेन याने घेतलं, आणि तो घोडागाड्या बनवणारा होता. भरलेली गाडी वळताना चाकावर नुसता वरून भार येत नाही, बाजूनेही रेटा येतो. तो रेटा पेलायला त्याने रोलर तिरके आणि निमुळते केले. म्हणजे आपल्या ट्रॉलीतलं हे बेअरिंग मुळात गाडीवानाच्या अडचणीतून निघालेलं आहे. त्याची घडण इतकी चांगली आहे की नीट ग्रीस, नीट ताण आणि बेताचा भार मिळाला तर ते वर्षानुवर्षं तक्रार करत नाही.

पण भाराचा हिशेब नीट समजून घ्या, कारण तो साधा नाही. रोलर बेअरिंगवरचा भार सव्वापट केला तर त्याचं आयुष्य पाव हिश्शाने कमी होत नाही, निम्म्यावर येतं. भार दुप्पट केला तर आयुष्य एक दशांश उरतं. मागच्या हंगामात दोन ट्रॉल्यांत वीस-वीस टन ऊस ओढला असेल, त्यानंतर उन्हाळ्यात त्याच ट्रॉलीने मुरूम आणि माती वाहिली असेल, तर "बेअरिंग मागच्या वर्षीच तर टाकलंय" या बोलण्याला अर्थ राहत नाही.

त्यात पावसाळा. मागच्या बाजूचं ऑइल सील फाटलेलं असतं, तिथून पाणी शिरतं. हंगामात ट्रॉली ओढा ओलांडते तेव्हाही हेच होतं. तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. पाणी मिसळलेलं ग्रीस दुधाच्या सायीसारखं पांढुरकं होतं. मग महिनोन्‌महिने चाक हलत नाही, रोलर जिथे टेकलेले असतात तिथे गंज धरतो आणि कपावर, म्हणजे बाहेरच्या रिंगवर, ओळीने आडव्या रेघा उठतात. चाक फिरू लागलं की त्या रेघांवरून खपल्या उडतात, त्या खपल्या ग्रीसमध्ये वाळूचं काम करतात. इथून पुढे बेअरिंग स्वतःच स्वतःला खातं.

हे एका क्षणात घडत नाही, आणि म्हणूनच मी हे लिहायला बसलो. चाक निखळण्याआधी ते बराच वेळ सांगत असतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात 3 फेब्रुवारी 2023 ला ईस्ट पॅलेस्टाइन गावाजवळ एक मालगाडी घसरली. कारण एका चाकाचं बेअरिंग. रुळालगत बेअरिंगची उष्णता मोजणारी यंत्रं बसवलेली होती. सुमारे 50 किलोमीटरच्या टप्प्यात तीन यंत्रांनी त्याच बेअरिंगची नोंद घेतली. बाहेरच्या हवेपेक्षा ते आधी 21 अंश सेल्सिअसने गरम होतं, मग 57 अंशांनी, आणि शेवटच्या यंत्रापाशी 140 अंशांनी. गाडी थांबवेपर्यंत 38 डबे रुळांवरून उतरले, त्यांतल्या 11 टाक्यांत घातक रसायनं होती. आपल्या रस्त्यावर अशी यंत्रं नाहीत. पण चालकाला हात आहे, आणि दर 50 किलोमीटरला खाली उतरून तो हात हबाला लावता येतो.

तेवढी एक सवय लावून घ्या, चालकभावांनो. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर पहिल्यांदा थांबा, नंतर प्रत्येक थांब्यावर सगळ्या हबांजवळ हाताचा मागचा भाग न्या, मग टेकवा. कोमट असणं ठीक आहे. एक हब बाकीच्यांपेक्षा वेगळा गरम लागला, किंवा त्यावर दोन-तीन सेकंद हात ठरेना, तर तिथून पुढे माणसं घेऊन जायचं नाही. जीप किंवा टेंपोत ब्रेक चिकटल्यानेही चाक तापतं, त्यामुळे तिथे शंका राहते. ज्या ट्रॉलीला ब्रेकच नाहीत, तिथे शंकेलाही जागा नाही. तापला तो हब म्हणजे बेअरिंगच. आणि कळवळून सांगतो, तापलेल्या हबावर बादलीभर पाणी ओतू नका. हब तडकू शकतो, आणि पाणी आत जातं ते वेगळंच.

दुसरी खूण आवाजाची. बेअरिंग जायला लागलं की आधी लांबून भुंगा आल्यासारखी घूंऽऽ सुरू होते, वेगाबरोबर चढते, वेगाबरोबर उतरते. क्लच दाबा, गिअर बदला, तिला फरक पडत नाही. टायरचा आवाज डांबर बदललं की बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. वळणावर भार बाहेरच्या अंगाला जातो, म्हणून डावीकडे वळताना आवाज वाढला तर बहुधा उजव्या अंगाचं बेअरिंग गेलेलं असतं. पुढे पुढे घूं जाऊन घरघर येते, मग खडखड. खडखड ऐकू आली की वेळ संपत आलेली असते.

पण हे ऐकू येणार कसं? ट्रॅक्टरवर डेक असा लावलेला असतो की मागून येणाऱ्या गाडीचा भोंगाही कानावर पडत नाही. रात्री जागं राहायला गाणी लागतात, हे मला कळतं. मी डेक काढून टाका म्हणत नाही. फक्त गाव सोडल्यावर पहिले दोन किलोमीटर आणि प्रत्येक थांब्यानंतरची पाच मिनिटं तो बंद ठेवा आणि मागचं ऐका. ट्रॉलीत बसलेल्या बायांनाही सांगून ठेवा, तुमच्या बुडाखालून नवा आवाज आला, धक्के बसायला लागले, तर लाजू नका, पत्रा वाजवा, गाडी थांबवा. चालकापेक्षा त्या चाकाच्या जवळ बसलेल्या असतात.

आता उघडण्याबद्दल. हे काम दिवसा, कठीण आणि सपाट जागेवर, रिकाम्या ट्रॉलीवर करा. ट्रॅक्टर जोडलेला, ब्रेक लावलेला, बाकीच्या चाकांना दोन्हीकडून उटी. जॅकखाली जाड फळी, आणि एक्सल उचलला की त्याखाली लोखंडी घोडी. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली मान घालू नका. विटांची चवडही घोडी म्हणून वापरू नका, वीट न सांगता फुटते.

चाक उचललं की वर एक हात, खाली एक हात धरून ते आत-बाहेर हलवून बघा. टक् टक् असा खेळ लागला तर बेअरिंग सैल आहे किंवा झिजलं आहे. जीपच्या पुढच्या चाकाला हेच करताना दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, तरीही राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन बघा. मग चाक हाताने सावकाश फिरवा आणि दुसरा हात एक्सलवर ठेवा. आत खडीवरून चालल्यासारखं लागलं तर ते हाताला कळतं.

खेळ नाही, खरखर नाही, तरी उघडायचंच. टोपी काढा, स्प्लिट पिन सरळ करून ओढा, खाचांचा नट आणि वॉशर काढा, बाहेरचं बेअरिंग हातात येईल, मग हब ओढून घ्या. सगळं रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा, स्वच्छ फडक्याने पुसा. काही पोरं कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग भिंगरीसारखं फिरवतात, ते थांबवा. कोरडं बेअरिंग असं फिरवलं की खराब होतं, कधी रोलर उडून डोळ्यात जातो.

उजेडात धरून बघा. चांगला रोलर आणि चांगला कप आरशासारखा, एकसारख्या रंगाचा असतो. सुईच्या टोकाएवढा खड्डा, गंजाची आडवी रेघ, उडालेली खपली, निळी किंवा तपकिरी झाक, वाकलेली जाळी, यांतलं एकही दिसलं तर ते बेअरिंग संपलं. घासून, पॉलिश करून ते परत येत नाही. आणि बदलताना कोन, म्हणजे रोलरांसकट आतली रिंग, आणि कप दोन्ही बदला. जुन्या कपावर नवा कोन बसवणं ही आमच्या धंद्यातली सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे. जुन्या कपाची झीज नव्या रोलरांना पहिल्याच खेपेत खाते.

कप काढताना पितळी दांडा घ्या आणि समोरासमोर थोडं थोडं ठोका. नवा कप बसवताना जुनाच कप मधे धरून त्यावर ठोकता येतं. पूर्ण तळाला बसला की ठोक्याचा आवाज बदलतो, बद्द होता तो टणक होतो. तो आवाज येईपर्यंत थांबू नका. कप हबात सैल जात असेल तर हबाला पंच मारून टिचे पाडायचे आणि कप अडकवायचा, हा जुगाड मी हजार वेळा बघितलाय. तो पन्नास किलोमीटरही टिकत नाही. हब बदला. एक्सलचं टोक झिजलं असेल तर त्यावर वेल्डिंगचा थर चढवून घासून देणारेही आहेत. त्या उष्णतेने टोकाला चीर जाऊ शकते आणि वरून ती दिसत नाही. माणसं बसणाऱ्या ट्रॉलीला ते करू नका, टोक नवं घ्या.

नवं बेअरिंग घेताना जुन्यावरचा नंबर वाचून दुकानात जा. 30208 असेल तर आतलं भोक 40 मिलीमीटरचं, 30210 असेल तर 50 चं. शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की भोकाचं माप निघतं. स्वतः ताडून घ्या, "चालतंय त्यात" ऐकू नका. बाजारात नकली माल भरपूर आहे, नामांकित कंपनीच्या खोक्यात भलतंच बेअरिंग मिळतं. अधिकृत विक्रेत्याकडून पक्की पावती घेऊन घ्या. किंमत भलतीच कमी असेल तर तीच धोक्याची खूण समजा.

ग्रीस लिथियमचं, चाकाच्या बेअरिंगसाठी म्हणून विकलं जाणारं घ्या. जुनं पूर्ण धुऊन काढल्याशिवाय नवं घालू नका, दोन जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळून पातळ होऊ शकतात. तळहातावर गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा, जोवर दुसऱ्या बाजूने रोलरांच्या फटीतून ग्रीस बाहेर येत नाही. वरून नुसतं माखलेलं ग्रीस रोलरापर्यंत पोचत नाही. हबाची पोकळी मात्र ठासून भरू नका, अर्धी पुरे. जास्त ग्रीस स्वतःच घुसळून तापतं आणि सील फाडून बाहेर पडतं. सील प्रत्येक वेळी नवं.

आता सगळ्यांत जास्त चूक जिथे होते ते : नटाचा ताण. "जेवढा टाइट तेवढा चांगला" हा समज चाकं जाळतो. हब हाताने फिरवत फिरवत नट आवळा, हब जड फिरायला लागला की थांबा. मग नट साधारण पाव फेरा मागे घ्या, आणि जवळची खाच पिनेच्या भोकासमोर आणा. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि हाताला जेमतेम जाणवेल न जाणवेल एवढाच खेळ राहिला पाहिजे. पिन नवी घाला, दोन्ही पाय वाकवा. पिनेच्या जागी खिळा किंवा बांधायची तार घातलेली मला किती हबांत सापडली, मोजायचं सोडून दिलं. नट निघून पडू नये म्हणून जी एकच वस्तू तिथे आहे, ती पाच-दहा रुपयांची आहे. चाकाचे नट समोरासमोरचे आवळा, आणि पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

अलीकडच्या मोटारी आणि पिकअप गाड्यांत बंद बेअरिंग येतं. त्यात ग्रीस भरायचं नसतं, ताण बसवायचा नसतो; ते प्रेसवर बसवतात आणि कंपनीने सांगितलेल्या मापाला टॉर्क पान्ह्याने नट आवळतात. हातोड्याने ठोकून बसवलेलं असं बेअरिंग नवं असतानाच मरतं. ज्याच्याकडे प्रेस नाही त्याच्याकडे ते काम देऊ नका.

टायरगाडीवाल्यांनो, तुमच्या गाडीच्या दोन चाकांतही हीच बेअरिंगं आहेत. एक चाक जड झालं की गाडी त्या अंगाला ओढते आणि त्या बाजूच्या बैलाची मान सुजते. बैल मागे पडतोय म्हणून त्याला मारण्याआधी चाक उचलून फिरवून बघा.

मुकादमांना माझी हात जोडून विनंती आहे. उचल तुम्ही वाटता, माणसं तुमच्या शब्दावर निघतात. ट्रॉलीमालकाला विचारा, हब उघडले का? जुनी बेअरिंगं दाखव म्हणा. नाही म्हणाला तर तुमची टोळी त्या दिवशी निघणार नाही, हे त्याला तोंडावर सांगा. तुमच्या एका नकाराला माझ्या शंभर सांगण्यांपेक्षा जास्त वजन आहे.

कारखान्यांच्या शेती विभागांनो, मालवाहू ट्रॉलीत माणसं बसवणं मुळातच चूक आहे, आणि ती तुमच्या हंगामासाठी घडते. मजुरांना आणायला बस लावा. हा खर्च गाळपाच्या खर्चात धरला गेला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. ते होईतो एवढं करा : गाडीतळावर परावर्तक पट्ट्या लावायची मोहीम दर वर्षी होते, त्याच दिवशी तिथे एक जॅक, चार घोड्या आणि एक जाणता मिस्त्री ठेवा. पट्टीमुळे मागचा वाहनवाला वाचतो. ट्रॉलीखालचं कोण बघणार?

गॅरेजवाल्या भावांनो, हे आठ दिवस आपले आहेत. चालणाऱ्या नंबरांची बेअरिंगं, सीलं आणि पिना आजच आणून ठेवा. काढलेलं बेअरिंग भंगारात टाकण्याआधी मालकाच्या हातात द्या, निळी रिंग त्याला बोटाने चाचपू द्या. आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला : पुढच्या ट्रॉलीचं चाक लचकताना दिसलं, हबातून धूर किंवा जळक्या ग्रीसचा वास आला, तर बाजूने निघून जाऊ नका. पुढे जा, हात करा, थांबवा.

माझ्या गॅरेजात दसऱ्यापर्यंत बाकीची कामं बंद ठेवली आहेत. बिऱ्हाड नेणाऱ्या ट्रॉलीचे हब उघडून बघायची मजुरी मी घेणार नाही. बेअरिंगचे पैसे आज नसतील तर हंगाम संपल्यावर द्या. येताना ट्रॉली रिकामी आणा, आणि उजेड असताना या.